परिचयाच्या दोन ओळी

मराठी दैनिकांच्या संपादकीय पानावर लेख जेथे संपतो, तेथे बारीक ठशात लेखकाचा परिचय छापण्याची प्रथा आहे, आणि त्या परिचयात ‘लेखक राजकीय सल्लागार व मुक्त लेखक आहेत’ हे वाक्य अलीकडे इतक्या वेळा आढळते, की या जोडधंद्याच्या पूर्वपीठिकेचा शास्त्रशुद्ध विचार करण्याची वेळ आली आहे, असे म्हणण्यास हरकत नाही. राजकीय सल्लागार म्हणजे उमेदवाराने काय बोलावे, कोठे बोलावे आणि विशेषतः कोठे गप्प बसावे, हे मोबदला घेऊन सांगणारी व्यक्ती होय. तर मुक्त लेखक म्हणजे कोणत्याही वृत्तपत्राच्या पगारपत्रकावर नाव नसलेली, परंतु अनेक वृत्तपत्रांच्या मानधनाच्या थकबाकीत नाव असलेली व्यक्ती होय. पहिल्या व्यवसायात नाव झाकून ठेवण्याचे पैसे मिळतात, आणि दुसऱ्यात नाव छापून येते हाच मोबदल्याचा मोठा भाग समजला जातो. हे दोन्ही व्यवसाय एकाच माणसाने एकाच वेळी चालवावेत, यात वरवर पाहता विसंगती दिसते. प्रत्यक्षात पहिल्याच्या उत्पन्नावर दुसऱ्याची चूल पेटते आणि दुसऱ्याच्या प्रतिष्ठेवर पहिल्याचे दर ठरतात.

कोणत्याही व्यवसायाला इभ्रत हवी असेल तर त्याला मूळपुरुष शोधावा लागतो, आणि ही अडचण वृत्तपत्रांनी ‘आधुनिक चाणक्य’ या पदवीच्या सढळ वाटपाने केव्हाच सोडवली आहे. पदवी देणाऱ्यांनी आणि घेणाऱ्यांनी कौटिल्याचे ‘अर्थशास्त्र’ उघडून पाहिले, तर त्यांना पाचव्या अधिकरणात राजसेवकांच्या वेतनाचे एक प्रकरण आढळेल. त्यात मंत्री, पुरोहित, सेनापती, युवराज अशा वरिष्ठांना ४८,००० पण, म्हणजे त्या काळची तितकी नाणी, असे वेतन सांगितले असून शकुन सांगणारे, मुहूर्त काढणारे, पौराणिक आणि स्तुतिपाठक यांना १,००० पण, तर हिशेबनीस व लेखक यांना ५०० पण नेमून दिले आहेत. याचा अर्थ असा, की राजाला सल्ला देणारा आणि राजासाठी लिहिणारा यांच्या मिळकतीत ९६ पटींचे अंतर असावे, आणि भविष्य वर्तवणाऱ्याला व आरती ओवाळणाऱ्याला लेखकाच्या दुप्पट मिळावे, हे या शास्त्रात फार पूर्वीच ठरून गेलेले आहे. येथे लेखक म्हणजे लिखापढी करणारा कारकून, असा खुलासा विद्वान करतील, आणि तो रास्तच आहे. परंतु मानधनाचा आकडा ठरवताना हा भेद आजही फारसा पाळला जात नाही. काळाच्या उदरात गडप झालेला हा ग्रंथ म्हैसूरच्या आर. शामशास्त्री यांच्या हाती लागला आणि १९०९ मध्ये छापून प्रसिद्ध झाला; त्याच १९०९ मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’ मासिकाचा पहिला दिवाळी अंक काढला. सल्लागाराचा आधारग्रंथ आणि मुक्त लेखकाचे वार्षिक उत्पन्नाचे साधन एकाच वर्षी उपलब्ध व्हावे, यास केवळ योगायोग म्हणणे अभ्यासकाला जड जाईल.

पाश्चात्त्य परंपरेतील मूळपुरुष रोममध्ये सापडतो. इ. स. पू. ६४ मध्ये मार्कस सिसेरो हा कॉन्सलपदासाठी, म्हणजे वर्षभरासाठी निवडल्या जाणाऱ्या दोन सर्वोच्च शासकांपैकी एकाच्या पदासाठी, उभा राहिला, तेव्हा त्याचा धाकटा भाऊ क्विंटस याने त्याला निवडणूक कशी लढवावी याविषयी एक लांबलचक पत्र लिहिल्याचे मानले जाते. मतदारांची नावे लक्षात ठेवावीत, सदैव माणसांच्या गराड्यात दिसावे, प्रतिस्पर्ध्यांच्या भानगडी लोकांच्या कानी घालाव्यात, आणि कोणी न झेपणारे काम सांगितले तरी तोंडावर नकार देऊ नये, असा त्या पत्रातील उपदेशाचा सारांश आहे. ‘बघतो’, ‘सांगतो त्याला’ आणि ‘तुमचं काम झालं समजा’ या तीन वाक्यांवर पाच-पाच वेळा निवडून आलेल्या महाराष्ट्रातील लोकप्रतिनिधींनी हे पत्र वाचले असण्याची शक्यता कमी आहे. म्हणजेच हे ज्ञान स्वयंभू असून त्यासाठी सल्लागाराची गरज नाही, असा धोकादायक निष्कर्ष येथे निघू पाहतो. हे पत्र खरोखर क्विंटसनेच लिहिले, की दुसऱ्याच कोणी त्याच्या नावावर खपवले, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. सल्लागाराच्या लेखनावर नाव कोणाचे आणि हात कोणाचा, हा वाद अशा रीतीने या व्यवसायाच्या आद्य दस्तऐवजापासूनच सुरू झालेला आहे.

सल्ला देणे हा भाऊबंदकीतला जिव्हाळ्याचा मामला न राहता बिल फाडून करण्याचा धंदा झाला, तो अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात. क्लेम व्हिटेकर हा वृत्तपत्रांतून आलेला गृहस्थ आणि लिओन बॅक्स्टर ही त्याची सहकारी, पुढे पत्नी, यांनी १९३३ मध्ये ‘कॅम्पेन्स इन्कॉर्पोरेटेड’ नावाची कंपनी काढली. केवळ निवडणुकांचे काम करणारी ती पहिली कंपनी समजली जाते. त्यांच्या हाती सापडलेले पहिले मोठे सावज एक कादंबरीकार असावा, ही गोष्ट लेखकवर्गाने गंभीरपणे घ्यावी अशी आहे. अप्टन सिंक्लेअर या नामवंत कादंबरीकाराने १९३४ मध्ये गव्हर्नरपदाची निवडणूक लढवायचे ठरवले, आणि लेखकी स्वभावाला अनुसरून त्याने प्रचाराची सुरुवातच एका पुस्तिकेने केली, जिच्यात आपण गव्हर्नर झालो आणि राज्यातील दारिद्र्य कसे संपवले, याची हकीकत सगळे घडून गेल्याच्या थाटात सांगितली होती. व्हिटेकर आणि बॅक्स्टर यांनी त्याची पुस्तके पालथी घातली, त्यांतील पात्रांच्या तोंडची वाक्ये वेचली आणि ती खुद्द सिंक्लेअरची मते म्हणून मतदारांसमोर ठेवली. लॉस एंजेलिसच्या प्रमुख दैनिकात अशा वाक्यांची चौकट पहिल्या पानावर रोज झळकू लागली. कादंबरीतील बदफैली पात्र विवाहसंस्थेविषयी जे बोलले, त्याचा जाब लेखकाला चौकात द्यावा लागला. सिंक्लेअर पडला, आणि पडल्यानंतर त्याने आपला पराभव कसा झाला याविषयी दुसरे पुस्तक लिहून ते वृत्तपत्रांतून क्रमशः प्रसिद्ध केले. निवडणुकीपूर्वी विजयाचे पुस्तक आणि निवडणुकीनंतर पराभवाचे, असे दोन्ही हंगाम साधणाऱ्या या लेखकाला मुक्त लेखकांनी आपला आद्य पुरुष मानावे, आणि त्याचीच पुस्तके बारकाईने वाचून त्याला पाडणाऱ्या जोडप्याला सल्लागारांनी. लेखकाचे पुस्तक इतक्या काळजीपूर्वक वाचणारा वाचक पुन्हा साहित्याला लाभलेला नाही.

महाराष्ट्रात हा व्यवसाय उशिरा आला, आणि त्याचे कारण ग्राहकांचा अभाव हे होते. १८८१ मध्ये ‘केसरी’ सुरू करणाऱ्या मंडळींतील टिळक, १९२० मध्ये ‘मूकनायक’ काढणारे डॉ. आंबेडकर, किंवा संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याच्या ऐन भरात १९५६ मध्ये ‘मराठा’ दैनिक काढणारे आचार्य अत्रे यांना भाषण लिहून देण्याचे धाडस कोणी केले असते, तर त्या इसमाची पुढची कारकीर्द फार लांबली नसती. नेता हाच संपादक, संपादक हाच वक्ता आणि वक्ता हाच आपला सल्लागार, अशी ती व्यवस्था होती, आणि तिच्यात मध्यस्थाला दलाली मिळण्याची सोय नव्हती. पुढे नेते लिहिनासे झाले आणि वाचणेही त्यांनी स्वीय सहायकांवर सोपवले, तेव्हा ही पोकळी भरून काढण्यासाठी प्रथम जाहिरात कंपन्या आल्या. १९८४ च्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेसने आपला प्रचार रीडिफ्यूजन या जाहिरात कंपनीकडे सोपवला आणि पक्षाला अभूतपूर्व बहुमत मिळाले. २००४ मध्ये ‘इंडिया शायनिंग’ची झगमगीत मोहीम झाली आणि सत्तारूढ आघाडी पडली. जाहिरात इतकी उत्तम होती, की ती अजून लोकांच्या लक्षात आहे. या दोन घटनांवरून, लाट असेल तर जाहिरात चालते, एवढाच सिद्धान्त निघतो. परंतु एवढ्याशा सिद्धान्तावर शुल्क आकारता येत नाही, म्हणून पुढे रणनीती नावाचा विषय निर्माण करावा लागला.

या विषयातील भारतीय नामावळीत पहिले नाव प्रशांत किशोर यांचे येते, आणि त्यांची पूर्वपीठिका सार्वजनिक आरोग्याची आहे, ही बाब अभ्यासनीय आहे. संयुक्त राष्ट्रांशी संबंधित आरोग्यविषयक काम सोडून ते गुजरातेत आले, २०१४ मध्ये नरेंद्र मोदी यांच्या मोहिमेत होते, २०१५ मध्ये मोदींच्या विरोधात नितीश कुमार यांच्या बाजूने बिहारमध्ये होते, आणि २०२१ मध्ये एकाच वेळी पश्चिम बंगालमध्ये ममता बॅनर्जी यांच्या व तमिळनाडूत स्टॅलिन यांच्या विजयात त्यांचा हात होता. कार्यकर्ता इतके पक्ष फिरला असता तर गावाने त्याला ‘आयाराम-गयाराम’ म्हटले असते. सल्लागार फिरला तर त्याला अनुभव म्हणतात. पुढे त्यांनी सल्ला देण्याऐवजी स्वतःच पक्ष काढला, आणि नोव्हेंबर २०२५ च्या बिहार विधानसभा निवडणुकीत त्या पक्षाला एकही जागा मिळाली नाही. ज्याने इतरांना मुख्यमंत्री केले त्याला स्वतःचा एक आमदार निवडून आणता येऊ नये, यावर पुष्कळ हसून झाले आहे. परंतु येथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे, की या गृहस्थांनी कोणासाठी काम केले हे कधी दडवले नाही, आणि म्हणूनच त्यांच्या कारकिर्दीचा अशा जाहीर रीतीने हिशेब मांडता येतो. खालच्या थरातील सल्लागाराची अडचण नेमकी येथून सुरू होते.

वकिलाला सनद लागते, डॉक्टरला नोंदणी लागते, रिक्षाचालकालाही बॅज लागतो. राजकीय सल्लागाराला यांपैकी काहीही लागत नाही. त्यामुळे या व्यवसायात येण्याचे रस्ते अनेक असून महाराष्ट्रापुरते पाहिल्यास त्यांत तीन हमरस्ते दिसतात. पहिला अभियांत्रिकीचा, ज्याने आलेला मनुष्य मतदारसंघाकडे एक्सेलचा तक्ता म्हणून पाहतो आणि गावात गेल्यावर तक्त्यातील रकाने जेवायला आग्रह करतात हे पाहून गांगरतो. दुसरा स्पर्धा परीक्षांचा, जो पुण्याच्या सदाशिव पेठेतील अभ्यासिकांतून निघतो. येथील उमेदवाराला राज्यघटनेची कलमे, पंचवार्षिक योजना आणि महाराष्ट्रातील धरणे तोंडपाठ असतात, मात्र आयोगाची जाहिरात येईपर्यंत वय उलटून जाते, आणि प्रशासनात शिरता न आलेले हे ज्ञान प्रशासन चालवू इच्छिणाऱ्याला विकणे एवढाच मार्ग उरतो. तिसरा पत्रकारितेचा, ज्याने आलेला मनुष्य वीस वर्षे नेत्याच्या पत्रकार परिषदेत प्रश्न विचारत असतो आणि आवृत्ती बंद पडल्यावर त्याच नेत्यासाठी उत्तरे लिहू लागतो. या स्थित्यंतरात त्याला फारसा त्रास होत नाही, कारण प्रश्न आधीपासूनच माहीत असतात.

चौथा रस्ता जुन्या कार्यकर्त्याचा असायला हवा होता, परंतु तो बंद आहे, कारण कार्यकर्ता फुकट असतो. हा भेद समजण्यासाठी निवडणुकीपूर्वीच्या एखाद्या आढावा बैठकीकडे जवळून पाहणे उपयुक्त ठरेल. तालुक्यात तीस वर्षे सतरंज्या उचललेला कार्यकर्ता उठून, “दादा, पूर्वेकडची गावं पाण्यावरनं पेटल्यात, एकदा जाऊन या,” असे सांगतो, तेव्हा दादा भ्रमणध्वनीकडे पाहत “हां, हां, जाऊ” म्हणतात आणि चहा मागवतात. त्यानंतर पडद्यावर सल्लागाराची स्लाइड येते, जिच्यावर मतदारसंघाचा पूर्वेचा पट्टा लाल रंगात दाखवून ‘पाणीपुरवठ्याविषयी तीव्र नाराजी, तातडीने संपर्क आवश्यक’ असे लिहिलेले असते. दादा खुर्चीत पुढे सरकतात, दोन मिनिटे गप्प राहतात आणि मग म्हणतात, “सर, हे कुणी आपल्याला सांगितलंच नव्हतं!” कार्यकर्ता चहा पीत असतो, आणि सर्वेक्षणासाठी आलेल्या मुलांना ही माहिती त्यानेच आपल्या ओसरीवर बसून दिलेली असते. सल्लागाराचे खरे कौशल्य येथे प्रकट होते: घरचेच सत्य घराबाहेरून, रंगीत आणि जीएसटीसह आणून दिल्याशिवाय घरधन्याला ते पटत नाही, हे त्याने ओळखलेले असते.

लेखनाच्या अंगाने पाहता सल्लागाराची मुख्य निर्मिती म्हणजे भाषण. सभेसाठी तयार केलेल्या मसुद्यात सिंचनाची आकडेवारी, शाहू-फुले-आंबेडकर, एक संतवचन, एक शेर आणि प्रतिस्पर्ध्याला दोन चिमटे असतात. अक्षरे ठळक आणि मोठी असतात, कारण साहेबांना चष्मा लावून छायाचित्र नको असते. प्रत्यक्ष सभेत साहेब मसुद्याचा पहिला कागद उचलतात, “व्यासपीठावर उपस्थित” या शब्दांनंतर नावांची यादी सुरू होते, ती संपेपर्यंत कागद वाऱ्याने उडालेला असतो, मागून कोणीतरी “आवाज नाही” म्हणून ओरडते, आणि साहेब कागद सोडून थेट मंडळाच्या विजेवर घसरतात. टाळ्या तेथेच पडतात. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रात मात्र मसुद्यातील सिंचनाची आकडेवारी जशीच्या तशी छापून येते, कारण मसुदा दुपारीच सर्व प्रतिनिधींच्या व्हॉट्सअॅपवर गेलेला असतो. जे बोलले गेले ते छापले जात नाही आणि जे छापले जाते ते बोलले गेलेले नसते. या दोहोंमधल्या अंतरात सल्लागाराचा उदरनिर्वाह चालतो. लग्नातल्या आचाऱ्याप्रमाणे पंगत उठेपर्यंत तो मांडवामागेच असतो, आणि मीठ कमी पडले तरच त्याचे नाव पुकारले जाते. निकाल अनुकूल लागला तर विजय साहेबांच्या पुण्याईचा व मायबाप जनतेचा असतो; प्रतिकूल लागला तर “सरांनी आपल्याला चुकीचं सांगितलं” यावर दोन्ही गटांचे एकमत होते. शुल्काचा शेवटचा हप्ता निकालानंतर द्यायचा असल्यास हा दुसरा पर्याय जिंकलेल्या उमेदवाराच्या बाबतीतही उद्भवू शकतो.

शेवटचा हप्ता बुडाल्यावर मनुष्य मुक्त लेखक होतो. किंबहुना या कारकिर्दीचे दोन ऋतू असून आचारसंहिता लागू असताना तो सल्लागार आणि उठल्यावर मुक्त लेखक असतो, अशी सुटसुटीत विभागणी करता आली असती. परंतु महाराष्ट्राच्या निवडणुकांनी ती अवघड करून ठेवली आहे. राज्य विधानसभेचे मतदान २००९ मध्ये १३ ऑक्टोबरला, २०१४ मध्ये १५ ऑक्टोबरला, २०१९ मध्ये २१ ऑक्टोबरला आणि २०२४ मध्ये २० नोव्हेंबरला झाले, म्हणजे दिवाळी अंकांचा हंगाम आणि प्रचाराचा हंगाम सलग चार वेळा एकमेकांच्या अंगावर आले. सकाळी उमेदवाराला ‘आपलीच लाट आहे’ असा अहवाल द्यायचा, आणि रात्री संपादकांच्या तगाद्यामुळे ‘महाराष्ट्राचे राजकारण कोणत्या वळणावर?’ हा लेख पुरा करायचा, असा दुहेरी प्रसंग त्यामुळे ओढवतो. त्यातही लेख निकालापूर्वी लिहिला जातो आणि वाचला जातो निकालाच्या आगेमागे, त्यामुळे कोणत्याही निकालाला पुरून उरेल अशी वाक्यरचना करावी लागते. ‘समीकरणे बदलू शकतात’, ‘मतदार सुज्ञ आहे’, ‘येणारा काळच ठरवील’ आणि ‘ही लढत अटीतटीची असली तरी एकतर्फीही होऊ शकते’ ही वाक्ये या गरजेतून जन्माला आली असून त्यांना खोटे पाडणे आजवर कोणत्याही निवडणूक आयोगाला जमलेले नाही. २३ नोव्हेंबर २०१९ रोजी झालेल्या ‘पहाटेच्या शपथविधी’नंतरही ती सर्व वाक्ये शाबूत राहिली, ही त्यांच्या मजबुतीची कमाल परीक्षा मानावी लागेल.

एवढी पार्श्वभूमी लक्षात घेतल्यावर आता मूळ परिचयाकडे वळता येईल. त्यात ‘अनेक यशस्वी मोहिमांचे सूत्रधार’ असे असेल तर उमेदवार निवडून आलेले असतात, आणि ‘विविध राज्यांतील मोहिमांचा दांडगा अनुभव’ असे असेल तर पडलेले असतात. ‘राजकारणाचे अभ्यासक’ असे असेल तर सध्या काम नाही, आणि नुसतेच ‘मुक्त लेखक’ असेल तर काम आहे, पण सांगता येण्याजोगे नाही. लेखकाचे दोन काव्यसंग्रह, शिक्षण, गाव आणि प्रवासाची आवड या सर्व गोष्टी त्या दोन ओळींत बसतात. ज्या नेत्याच्या दूरदृष्टीची लेखात पाच परिच्छेद प्रशंसा केलेली असते, त्या नेत्याकडून गेल्या महिन्यात शुल्क आले होते, एवढी एकच गोष्ट जागेअभावी बसत नाही. व्यावसायिक शुल्क देणारा सहसा १० टक्के कर कापून घेतो आणि कोणी किती कापला याची नोंद ‘२६ एएस’ या नावाने करदात्यांच्या परिचयाच्या झालेल्या तक्त्यात येते. या कारकिर्दीचे एकमेव विश्वसनीय चरित्र ते होय. दुर्दैवाने ते संपादकीय पानावर छापले जात नाही, आणि रोखीतली प्रकरणे त्यातही नसतात.

हा विषय केवळ थट्टेचा राहिलेला नाही, याची आठवण २००९ च्या विधानसभा निवडणुकीने एकदा दिलेली आहे. त्या प्रचारकाळात एका बड्या नेत्याची स्तुती करणारा एकच मजकूर परस्परांच्या स्पर्धक दैनिकांत अक्षरशः जसाच्या तसा प्रसिद्ध झाल्याचे ज्येष्ठ पत्रकार पी. साईनाथ यांनी दाखवून दिले, आणि ‘पेड न्यूज’, म्हणजे पैसे घेऊन बातमीच्या वेषात छापलेली जाहिरात, हा शब्दप्रयोग घरोघर पोचला. भारतीय प्रेस परिषदेच्या उपसमितीने या प्रकाराची चौकशी करून २०१० मध्ये सविस्तर अहवाल तयार केला, आणि वृत्तपत्रांची नावे घेणारा तो मूळ अहवाल माहिती अधिकाराचा बडगा बसल्यावर २०११ मध्ये बाहेर आला. तेव्हापासून निवडणूक यंत्रणा जाहिरातींवर आणि बातम्यांवर नजर ठेवते. लेख मात्र या नजरेतून सुटतो, कारण लेख हे मत असते आणि मत मुक्त असते. विधानसभेच्या उमेदवाराला महाराष्ट्रात ४० लाख रुपयांची खर्चमर्यादा आहे आणि निकालानंतर ३० दिवसांत हिशेब सादर करावा लागतो; त्या हिशेबात मांडव, खुर्च्या, वडापाव आणि ध्वनिक्षेपक यांचे दर असतात, परंतु ‘दूरदृष्टीचे नेतृत्व’ या विषयावरील बाराशे शब्दांचा दर कोठे लिहावा याचा रकाना नसतो. पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नसल्यामुळे तो रकाना शोधण्याची कोणाला घाईही नसते.

लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७ अ नुसार निवडणुकीच्या साध्या हँडबिलावरही मुद्रकाचे आणि प्रकाशकाचे नाव व पत्ता छापणे बंधनकारक असून ते न छापल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. चौकात वाटला जाणारा आणि पुढच्या चौकात भेळेखाली जाणारा कागद कोणाचा आहे, हे मतदाराला कळलेच पाहिजे, असे कायदा मानतो. संपादकीय पानावर गंभीर चेहऱ्याच्या छायाचित्रासह येणारा मजकूर कोणाच्या पैशावर उभा आहे, हे मात्र वाचकाने ओळखून घ्यायचे असते. सल्लागाराने लिहू नये, असे कोणी म्हणणार नाही; निवडणूक आतून पाहिलेल्या माणसाचे लेखन बाहेरून पाहणाऱ्याच्या लेखनापेक्षा अनेकदा अधिक वाचनीय असते, आणि पोटासाठी सल्ला विकणे हे काही पाप नव्हे. म्हणून संपादकांना एवढीच विनंती, की परिचयाच्या दोन ओळींना तिसरी ओळ जोडावी आणि तीत ‘लेखक सध्या अमुक पक्षासाठी किंवा उमेदवारासाठी सशुल्क काम करत आहेत’ असे छापावे. जागा कमी पडल्यास प्रवासाची आवड वगळावी. आणि ती ओळ छापली जात नाही तोपर्यंत वाचकांनी लेख खालून वर वाचावा.